कमानीत मावेल एवढी पाटी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गावरच्या दुकानदारांपुढे तेव्हा एक चमत्कारिक मागणी आली: पाट्या लहान करा. दुकानाची पाटी म्हणजे धंद्याचं नाक. शेजाऱ्याने चार फुटांची लावली की आपण सहा फुटांची लावायची, त्याने पिवळी रंगवली की आपण लाल, हा बाजाराचा साधा हिशेब. या चढाओढीत त्या रस्त्यावरच्या दगडी कमानी पाट्यांमागे गडप झाल्या होत्या. खांबांवर प्लास्टिकचे डबे ठोकलेले, नक्षीवरून वायरी ओढलेल्या, आणि वरच्या मजल्यांवर काय आहे हे पाहायला कुणी मान वर करत नव्हतं.

मागणी करणाऱ्या होत्या आभा नारायण लांबा, तेव्हा व्यवसायाच्या सुरुवातीला असलेल्या वास्तुविशारद. मुंबई महानगर प्रदेशातल्या वारसा जतनासाठी नेमलेल्या संस्थेच्या पाठबळावर त्यांनी या रस्त्याचा अभ्यास केला आणि पाट्या, पथदिवे, बाकडी, दिशादर्शक फलक यांच्यासाठी एक मार्गदर्शिका तयार केली. तिचं सार एका वाक्यात सांगता येतं. पाटी कमानीच्या आत बसवा. खांब, कमान आणि तिच्यावरचं कोरीवकाम मोकळं ठेवा. इमारत पाडायची नाही, नवी बांधायची नाही, कुणाला हलवायचं नाही. आधी काही दुकानांनी पाट्या बदलल्या, मग शेजाऱ्यांनी पाहिलं की गिऱ्हाईक काही पळून गेलेलं नाही. पुढे रहिवासी आणि दुकानदारांनी मिळून ‘हेरिटेज माइल’ या नावाची संघटना काढली. २००४ साली या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. पाट्यांच्या आकारावरून घासाघीस करून आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा रस्ता तसा दुर्मीळच.

या कमानींची जन्मकथाही नियमाचीच आहे. या रस्त्याचं जुनं नाव हॉर्नबी रोड. १८९६ च्या एका सरकारी नियमाने इथे इमारत बांधणाऱ्या प्रत्येकाला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा आच्छादित मार्ग सोडणं भाग पडलं. वरचा भाग ज्याने त्याने आपल्या आवडीने आणि ऐपतीने सजवला. कुणी गॉथिक टोकदार खिडक्या केल्या, कुणी घुमट चढवले, कुणी ग्रीक खांब उभारले. खाली मात्र सगळ्यांनी एकच शिस्त पाळली. म्हणूनच मुंबईच्या पावसात या रस्त्याचा बराचसा भाग आजही छत्री न उघडता पार करता येतो. शंभर वर्षांनी लांबा यांनी जे सुचवलं ते याच नियमाचं धाकटं भावंड म्हणायला हवं.

हा सगळा भाग म्हणजे फोर्ट, जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यातला ‘कोट’. तटबंदी १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत पाडली गेली, पण नाव मागे राहिलं. कोटाच्या आत दोन शहरं नांदत होती. दक्षिणेला गोऱ्यांच्या कचेऱ्या, चर्च, टाउन हॉल. उत्तरेला बाजारगेट आणि बोराबाजार, जिथे पारशी, गुजराती, बोहरी आणि मराठी व्यापाऱ्यांची दाट वस्ती होती. तिथल्या गनबो स्ट्रीटचं नाव एखाद्या इंग्रज साहेबावरून पडलं असावं असं वाटतं, पण ते गणबाशेट यांच्या नावाचा अपभ्रंश असल्याचं सांगितलं जातं. गणबाशेट म्हणजे नाना शंकरशेट यांचे पूर्वज. आता त्या रस्त्याचं नाव रुस्तम सिधवा मार्ग आहे.

कोटाला उतरती कळा लागली ती एका रात्रीत नाही आणि एका कारणानेही नाही. पहिलं कारण कागदावरचं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण भाडं गोठलं आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत राहिला. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, लाकडी तुळया भिजल्या, सज्जे झुकले, आणि घरमालक म्हणू लागले की या भाड्यात छपराची कौलंसुद्धा येत नाहीत. हातात काही पडायचं तर पागडीतून, तेही कधीमधी. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा आला, उपकर लागला, ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द मुंबईच्या बोलीत रुळला. पण टेकू लावण्याच्या पलीकडे काम क्वचितच गेलं.

दुसरं कारण समुद्रावरचं. सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटच्या भरावावर उंच इमारती उभ्या राहिल्या आणि मोठ्या कंपन्या तिकडे गेल्या. मग वांद्रे-कुर्ला संकुल आलं आणि नरिमन पॉइंटही जुना वाटू लागला. तिसरं कारण पडद्यावरचं. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे संगणकावरचे व्यवहार सुरू झाले, १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारही पडद्यावर गेला. दलाल स्ट्रीटच्या रिंगणातल्या आरोळ्या थांबल्या. सौदा कुठूनही करता येऊ लागल्यावर रिंगणाशेजारची खोली धरून बसण्याचं दलालांना कारण उरलं नाही. संध्याकाळी सहानंतर कोटातली गर्दी चर्चगेट आणि व्हीटीच्या गाड्यांत बसून निघून जायची आणि मागे उरायचे पहारेकरी, मांजरं आणि पदपथावर झोपणारी माणसं.

मग हे सगळं पाडून नवं का बांधलं नाही? एक अडसर १९९५ साली आला. त्या वर्षी मुंबईत वारसा नियमावली लागू झाली आणि शेकडो इमारती श्रेणीवार यादीत गेल्या. देशातल्या शहरांमध्ये अशी नियमावली आणण्यात मुंबई पहिली. ‘यादीत गेली’ हे वाक्य घरमालकांच्या तोंडी बराच काळ ‘अडकली’ याच अर्थाने होतं.

दुसरा अडसर त्याहून खोल होता, आणि कोटातली कामं इतकी छोटी का राहिली याचं उत्तरही त्यातच आहे. कोटातली एक इमारत म्हणजे एक मालमत्ता नव्हे. मालक एक, किंवा वाटण्या होऊन सतरा. तळमजल्यावर चार दुकानं, त्यातल्या दोघांचे पोटभाडेकरू. पहिल्या मजल्यावर वकील, दुसऱ्यावर बंद पडलेल्या जहाज कंपनीची कुलूपबंद खोली, तिसऱ्यावर एक म्हातारं जोडपं. या सगळ्यांची एका कागदावर सही घ्यायची तर एक पिढी जावी. उलट रस्त्याच्या मधोमध उभं असलेलं कारंजं, पदपथ, चौकातला घड्याळाचा मनोरा, दुकानाची पाटी यांना सह्या कमी लागतात. महापालिकेची परवानगी, कुणाची तरी देणगी आणि एक हट्टी वास्तुविशारद एवढं पुरतं. ‘छोटं तेच सुंदर’ असल्या तत्त्वज्ञानातून ही कामं निघाली असं मागाहून म्हटलं जातं. खरं तर दार तेवढंच उघडं होतं.

जगात या रीतीला एक नाव मिळालेलं आहे. ब्राझीलमधल्या कुरिटिबा शहराचे महापौर जैमे लर्नर वास्तुविशारद होते. १९७२ साली त्यांनी शहराचा मुख्य बाजाररस्ता शुक्रवारच्या संध्याकाळी खणायला घेतला आणि सोमवारपर्यंत तो पादचाऱ्यांचा करून टाकला; दुकानदारांना न्यायालयात जायला वेळच मिळू नये म्हणून. पुढे २००३ मध्ये त्यांनी ‘शहरी अ‍ॅक्युपंक्चर’ या नावाने पुस्तक लिहिलं. मोठी शस्त्रक्रिया न करता नेमक्या जागी सुई टोचायची, ही कल्पना. बार्सिलोनाने १९८० च्या दशकात हेच केलं. फ्रँकोची हुकूमशाही संपल्यावर आलेल्या नगर परिषदेकडे पैसा थोडा होता, म्हणून वास्तुविशारद ओरिओल बोहिगास यांच्या देखरेखीखाली शंभराहून जास्त छोटे चौक आणि बागा करून घेण्यात आल्या. ऑलिंपिकची भव्य बांधकामं त्यानंतरची.

मुंबईने सुई टोचली ती काळ्या घोड्याला, आणि गंमत म्हणजे तेव्हा तिथे घोडा नव्हता. पाठीवर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, बसलेला तो पुतळा आल्बर्ट ससून यांच्या देणगीतून १८७९ मध्ये उभा राहिला होता. १९६५ साली तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला आणि रिकाम्या जागेवर गाड्या उभ्या राहू लागल्या. नाव मात्र हललं नाही. पुतळा नाही, राजपुत्र नाही, पण टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की तो बरोबर तिथेच आणून सोडायचा.

या वाहनतळाभोवती काय होतं ते पाहण्याजोगं आहे. एका बाजूला तेव्हाचं प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय, त्याच्या आवारालगत १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी, समोर डेव्हिड ससून वाचनालय, शेजारी एल्फिन्स्टन महाविद्यालय, १९९६ मध्ये कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झालेलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, गल्लीत निळं ज्यू प्रार्थनामंदिर. कलेची इतकी घरं एका हाकेच्या अंतरावर, आणि त्यांच्यामध्ये गाड्यांची गर्दी. अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट ही १९८४ पासून काम करणारी संस्था आणि राहुल मेहरोत्रा यांच्यासारखे वास्तुविशारद म्हणत होते की हा तर आयताच तयार कलाविभाग आहे, त्याला फक्त तसं म्हणायला हवं. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ मध्ये पहिला कला महोत्सव भरला. रॅम्पार्ट रोवरची वाहनं काही दिवसांपुरती हटली. ज्या रस्त्यावरून लोक कचेरीत जाताना घड्याळाकडे बघत पळायचे, तिथे ते पहिल्यांदा रेंगाळले.

महोत्सवाची खिल्ली उडवणं सोपं आहे, आणि मुंबईकर ती दर फेब्रुवारीत मनसोक्त उडवतात. गर्दी, सेल्फी, महागडे मातीचे दिवे. पण महोत्सवातून उभ्या राहणाऱ्या पैशाचा काही भाग आसपासच्या वास्तूंच्या दुरुस्तीकडे वळतो, ही त्यातली कामाची बाजू. नऊ दिवसांचा गलबला उरलेल्या वर्षाच्या चुन्या-दगडाची सोय करतो. २०१७ मध्ये घोडाही परतला: वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांच्या कल्पनेतून आणि श्रीहरी भोसले यांच्या हातून घडलेला, पाठीवर कुणीही नसलेला. राजपुत्राला राणीच्या बागेतच राहू दिलं, हे शहाणपणाचं झालं.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय करायचं, इथे बऱ्याच चांगल्या हेतूंची वाट लागते. जुन्या मुंबईच्या दगडी वास्तूंना सगळ्यात जास्त इजा झाली ती दुर्लक्षाने नव्हे, रंगाने. एखादा मान्यवर येणार म्हटलं की कारंज्याला तैलरंगाचा हात मारायचा, ही सरकारी प्रथा. दगडाला सूक्ष्म छिद्रं असतात. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. तैलरंगाचा थर बसला की पाणी आत शिरायच्या वाटा सापडतात, बाहेर पडायच्या बंद होतात. मग ओलीबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली जमतात आणि कोरीव नाकं, बोटं, पानं पापुद्र्यासारखी सुटू लागतात. सिमेंटचंही तेच. जुन्या बांधकामात दरजा चुन्याने भरलेल्या असत आणि चुना दगडापेक्षा मऊ असतो. इमारत किंचित हलली की चुन्याला तडा जातो, दगड वाचतो, आणि तडा पुन्हा भरता येतो. सिमेंट दगडापेक्षा कडक. तिथे तडा दगडालाच जातो. वर्षानुवर्षं ‘पक्की’ म्हणून केलेली दुरुस्ती अशी मूळ वास्तूच्या जिवावर उठलेली असते. म्हणून संवर्धनाच्या कामात निम्मा वेळ नवं काही करण्यात जात नाही, आधीच्यांनी केलेलं काढण्यात जातो.

फ्लोरा फाउंटनचं असंच झालं. १८६० च्या दशकात उभं राहिलेलं हे कारंजं पोर्टलंडच्या दगडात घडवलेलं आहे, मूळ आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्पं जेम्स फोर्सिथ यांची. ते खरं तर भायखळ्याच्या बागेसाठी होतं. पण तट पाडल्यावर जिथे चर्चगेट नावाचा दरवाजा उभा होता, तिथे ते बसवलं गेलं. पुढे याच चौकाला मराठी माणसाच्या लेखी वेगळा अर्थ आला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे गोळीबार झाला आणि चौक हुतात्मा चौक झाला. एकाच चौकात रोमन देवता आणि मशाल धरलेले शेतकरी-कामगार शेजारी उभे आहेत, आणि दोघांपैकी कुणालाच अवघडल्यासारखं वाटत नाही. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली कारंज्यावरचे रंगाचे थर उतरवण्यात आले, गळती शोधण्यात आली, पाण्याचे मार्ग नव्याने जोडले गेले. भोवताली खणताना जुन्या ट्रामचे रूळ वर आले. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली होती. रूळ उखडण्याची तसदी कुणी घेतली नव्हती, वर डांबर ओतून मोकळे झाले होते. २०१९ च्या सुरुवातीला कारंजं पुन्हा वाहू लागलं आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या वारसा पुरस्कारांच्या यादीत त्याचा गौरवपूर्ण उल्लेख झाला.

त्याच वर्षीच्या यादीत काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू प्रार्थनामंदिरही होतं. १८८४ मध्ये ससून कुटुंबाने बांधलेल्या या वास्तूचा फिरोजी रंग म्हणजे त्या गल्लीची खूणच बनला होता. लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली तेव्हा तो गेला आणि त्या जागी गडद नीळ आणि पांढरा आला. कुणाला नवा रंग रुचला, कुणाला जुन्याची आठवण येत राहिली. वाचनालयाची पाळी नंतर आली. डेव्हिड ससून वाचनालयाच्या दुरुस्तीला २०२३ मध्ये याच पुरस्कारांत स्थान मिळालं. तिथल्या सज्जातल्या लांब हातांच्या आरामखुर्च्यांवर दुपारी डुलकी काढणारे सभासद पुरस्काराच्या निकषांत बसतात की नाही ठाऊक नाही, पण ती इमारत जिवंत राहण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

काळा घोड्याच्या परिसरात पैसा आणि छायाचित्रकार दोन्ही सहज येतात. खरी परीक्षा उत्तरेच्या कोटात. बाजारगेटच्या पेरिन नरिमन स्ट्रीटवर बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ १८८२ मध्ये लोकवर्गणीतून बांधलेला घड्याळाचा मनोरा आहे. खाली पाण्याची सोय, वर चार दिशांना चार घड्याळं, आणि घडण अग्यारीची आठवण करून देणारी, प्राचीन इराणी धाटणीची. आजूबाजूला हातगाड्या, लग्नपत्रिकांची दुकानं, स्टोव्हवर उकळणारा चहा. इथे पर्यटक वाट चुकूनच येतो. अनेक वर्षं चारही घड्याळं थांबलेली होती आणि मनोऱ्याला टपऱ्यांनी वेढलं होतं. त्याची दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये युनेस्कोने तिची नोंद घेतली. जीपीओजवळच्या मिंट रोडवर रतनसी मुळजी जेठा यांचं कारंजं आहे. कापसाच्या या व्यापाऱ्याने अकाली गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी ते १८९४ च्या सुमारास बांधलं. आराखड्यात हात होता व्हीटी स्थानक बांधणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा आणि जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांचा. त्याच्या दुरुस्तीला २०१८ मध्ये मान मिळाला.

या सगळ्या कारंज्यांच्या मागे एक साधी गोष्ट आहे: तहान. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं आणि पुण्य मिळवायचा एक नवा मार्ग व्यापाऱ्यांना सापडला. आईच्या, मुलाच्या, भावाच्या नावाने त्यांनी चौकाचौकांत प्याऊ बांधले, म्हणजे आपल्या पाणपोया. हमाल आणि वाटसरू वरच्या तोटीला ओंजळ लावत, बैल आणि ट्रामचे घोडे खालच्या हौदात तोंड घालत, काही ठिकाणी पाखरांसाठीही वाटी कोरलेली असे. घोडे गेले, ट्राम गेल्या, तोट्या सुकल्या, आणि प्याऊचा उपयोग टपरीची मागची भिंत म्हणून होऊ लागला. वास्तुविशारद राहुल चेंबूरकर गेली अनेक वर्षं अशा प्याऊंच्या मागे आहेत. मशीद बंदराजवळच्या भातबाजारातलं १८७६ चं केशवजी नायक कारंजं त्यांनी हाती घेतलेल्या कामांपैकी. तो धान्याचा बाजार आहे. दिवसभर डोक्यावर पोती वाहणाऱ्या माणसाला वारसा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, तोटीला पाणी आलं की त्याला ते कळतं.

आणि इथेच छोट्या कामांमधला फरक डोळ्यांत भरतो. दुरुस्त केलेली वस्तू रोज कुणाच्या तरी हाताखाली येत असेल तर ती टिकते. ज्याला त्या तोटीचं पाणी लागतं तो ती बिघडल्यावर बोंब मारतो. ज्याच्या दुकानावरची कमान मोकळी झाली आहे तो तिच्यावर दुसऱ्याला फलक ठोकू देत नाही. पण ज्या कारंज्याभोवती कुंपण घालून, दिवे सोडून, उद्घाटनाची फीत कापून सगळे घरी गेले, त्याचा पंप बंद पडल्याची खबर कुणालाच नसते. मुंबईत असे कोरडे हौद शोधायला फार चालावं लागत नाही.

मिंट रोडचीच पुढची गोष्ट सांगायला हवी. जेठांच्या कारंज्याला पुरस्कार मिळाल्याला दोन वर्षं झाली नव्हती, तोच १६ जुलै २०२० रोजी, भर पावसात, त्याच भागातली भानुशाली इमारत कोसळली. दहा माणसं गेली. त्याआधीच्या वर्षी काळा घोड्यासमोरचं एस्प्लनेड मॅन्शन धोकादायक ठरवून रिकामं करण्यात आलं होतं. हे म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, १८६० च्या दशकातलं ओतीव लोखंडाचं बांधकाम, जिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा दाखवला गेला. पदपथ सुधारता येतो, पाटी आत घेता येते, हौदात पाणी सोडता येतं. पण तिसऱ्या मजल्यावरची कुजलेली तुळई पाटी बदलून बदलत नाही. तिथे भाडेकरार लागतो, मालकी लागते, दुरुस्ती मंडळाची फाइल लागते, आणि न्यायालयाची तारीख. सुईने बरं होणारं दुखणं आणि न होणारं दुखणं एकाच रस्त्यावर समोरासमोर उभं होतं.

दुसरी तक्रार बाजारभावाची. भाग सुधारला की भाडं वाढतं, आणि ज्यांच्यामुळे तो भाग आवडू लागला तेच आधी उठतात. जहांगीरमधलं समोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं, समोरचं गाण्यांचं दुकान ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये, फोर्टातला स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये. या तिन्हींना सुधारणेनेच मारलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. गाण्यांच्या सीडी विकण्याचे दिवस कुठल्याही भाड्यात संपलेच असते. दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. २०१० मध्ये हुतात्मा चौकाजवळच्या जुन्या सोमैया भवनात किताबखाना हे पुस्तकांचं दुकान उघडलं, २०२० च्या अखेरीस आगीत होरपळलं आणि काही महिन्यांत पुन्हा उभं राहिलं. पण त्याच चौकातल्या पदपथावर जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना महापालिकेने २००५ मध्ये उठवलं होतं. पदपथ मोकळा झाला हे खरं. कॉलेजच्या मुलांना पाच-दहा रुपयांत पुस्तक देणारा माणूस त्या पदपथाच्या वास्तुरचनेचा भाग होता की अडथळा, यावर कुठल्याही मार्गदर्शिकेत प्रकरण नाही.

दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालीही तोच प्रश्न रोज मांडलेला असतो: चार्जरच्या वायरी, मोज्यांचे ढीग, परदेशी अत्तरांच्या बाटल्या. १८९६ च्या नियमाने ही जागा चालणाऱ्याला दिली. फेरीवाल्याला ती त्याच्या इतकीच आवडली, कारण पाऊस दोघांनाही चुकवायचा असतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राचा कायदा आला. कमानीखाली कुणी किती फूट घ्यायचे हे मात्र अजून रोज सकाळी नव्याने ठरतं.

ऑक्टोबर २०२५ पासून या रस्त्याखालून मेट्रो तीनच्या भुयारी गाड्या धावू लागल्या. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहेतीस किलोमीटर. कोटातल्या कुठल्याही प्याऊशी तुलना करू नये असा खर्च. मेट्रोचं काम चालू असताना, २०१७ मध्ये, याच मार्गावरच्या जमशेदजी नसरवानजी पेटिट वाचनालयाच्या दर्शनी भागावरचा एक नक्षीदार तुकडा निखळला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या इमारतीच्या संवर्धनाला दोनच वर्षांपूर्वी युनेस्कोचा पुरस्कार मिळालेला होता. आता हुतात्मा चौक स्थानकाच्या सरकत्या जिन्यावरून माणसं वर येतात, डोळे मिचकावत क्षणभर दिशा शोधतात आणि उन्हाचा चटका बसला की जवळच्या कमानींखाली शिरतात. मोजेवाला पाय ठेवायला थोडी वाट करून देतो. त्याच्या डोक्यावर, कमानीच्या बरोबर आत, एका चष्म्याच्या दुकानाची पाटी असते.